आजचं चिंतन : वसईचा गोन्सालो आणि माझी कारणं

काल कपाळावर राख लावून घेतली आणि आज सकाळी विरार लोकलमध्ये मोबाईलवर आजची वाचनं उघडली. अनुवाद, अध्याय 30. मोशे लोकांपुढे जीवन आणि मरण दोन्ही ठेवतो आणि निवड त्यांच्यावर सोडतो. लूकच्या शुभवर्तमानात प्रभू सांगतो की आपला क्रूस आपणच उचलायचा, तोही दररोज.

खरं सांगू? मला जरा रागच आला. तीन वर्षं मी सगळ्यांना सांगत आलेय की माझं एम.ए. राहिलं ते पप्पांमुळे, घराच्या हप्त्यांमुळे. पप्पांनी एकदाच विचारलं होतं, नोकरी बघतेस का. मी हो म्हटलं. पुढच्या वर्षीचा प्रवेशाचा फॉर्म भरायला तर कुणीच अडवलं नव्हतं.

मग आपला गोन्सालो गार्सिया आठवला. गासचं चर्च त्याच्या नावाचं, वसईतलं कॉलेज त्याच्या नावाचं. नाव इतकं सवयीचं झालंय की त्यामागचा माणूस विसरायलाच होतं.

जन्म 1556 च्या सुमाराचा, वसई पोर्तुगिजांकडे होती तेव्हाचा. वडील पोर्तुगीज सैनिक, आई इथलीच. वसईत येशूसंघीयांच्या हाताखाली शिकला आणि 1572 मध्ये, जेमतेम पंधरा-सोळाव्या वर्षी, त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा शिकला, आठ वर्षं धर्मशिक्षकाचं काम केलं. इच्छा एकच, येशूसंघात प्रवेश मिळावा. तो मिळाला नाही.

त्याच्या जागी मी असते तर उरलेलं आयुष्य हीच गोष्ट सांगत बसले असते. गोन्सालोने व्यापार सुरू केला! प्रवचनांत हा भाग एका वाक्यात उरकतात, मला मात्र तोच सगळ्यात जवळचा वाटतो. आपला संत काही वर्षं माल आणि हिशेब बघत होता, आणि धंदा चांगला चालला होता. तिथेच राहिला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. पण तो धंदाही त्याने स्वतःच सोडला, मनिलाला गेला आणि फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू झाला.

1593 मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकील म्हणून पाठवलं. सोबत दुभाषा गोन्सालो. आता म्हणाल, आज्ञा होती म्हणून गेला. बरोबर. पण आज्ञा पाळायचं व्रत तरी कुणी त्याच्या गळ्यात बांधलं होतं? हिदेयोशीने 1587 मध्येच मिशनऱ्यांना देश सोडायचा हुकूम काढला होता. जपानमध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाला आपण कुठे परत चाललोय हे नक्कीच कळत होतं.

पुढची तीन-साडेतीन वर्षं काम चाललं. 1596 मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटलं, संशय वाढला, डिसेंबरमध्ये धरपकड झाली. जानेवारीत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढली. मग ऐन थंडीत नागासाकीपर्यंतची पायपीट. 5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर 26 क्रूस उभे राहिले. गोन्सालो चाळिशीचा होता. सगळ्यात लहान मुलगा बारा वर्षांचा.

ज्या संघाने गोन्सालोला घेतलं नव्हतं, त्या येशूसंघाचेही तिघे, पॉल मिकी धरून, त्याच रांगेत होते. हे आठवलं तेव्हा गाडी भाईंदरच्या खाडीवर होती. अंधेरी येईपर्यंत मी दुसरं काही वाचलं नाही.

1862 मध्ये त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला पहिला संत, आपल्या वसईचा.

संध्याकाळी जेवताना पप्पांना सांगितलं की तो फॉर्म मीच भरला नव्हता, उगाच तुमचं नाव घेत राहिले. ते थोडा वेळ गप्प जेवत राहिले. मग त्यांनी विचारलं, यंदाची शेवटची तारीख कधी आहे. ती मी अजून बघितलेली नाही.