आमचा एक पूर्वज : बी. रघुनाथ

पूर्वज म्हटला की आपल्याला रक्ताचे नाते आठवते. परंतु गावालाही पूर्वज असतात आणि गावाच्या भाषेलाही असतात. संत जनाबाईंचे गंगाखेड आपल्याच जिल्ह्यात आहे, पण तो वारसा सात शतकांपूर्वीचा. आपल्या आजा-पणजांच्या पिढीतला, त्यांच्याच रस्त्यांवरून चाललेला असा भाषेचा पूर्वज मी शोधू लागलो तेव्हा पहिले नाव आठवले ते बी. रघुनाथांचे. परभणीत त्यांच्या नावाचे सभागृह आहे, महाविद्यालय आहे. नाटकाला किंवा व्याख्यानाला आपण सहज ‘बी. रघुनाथ’ला जातो. मात्र त्या नावामागचा माणूस कसल्या काळात जगला, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी विचारले असेल.

भगवान रघुनाथ कुलकर्णी हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म 15 ऑगस्ट 1913 रोजी, त्या वेळच्या परभणी जिल्ह्यातील सातोना या गावी. मुलूख निजामाचा होता. इंग्रज येथे प्रत्यक्ष राज्य करीत नव्हता, म्हणून मराठवाडा वसाहतीच्या इतिहासाबाहेर होता असे पुष्कळांना वाटते. हा समज बरोबर नाही. 1798 साली निजामाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली आणि तेव्हापासून हैदराबादच्या गादीमागे इंग्रज रेसिडेंट उभा राहिला. फौजेच्या खर्चाचे कर्ज फिटेना म्हणून 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाला आणि 1902 मध्ये तो कायम भाडेपट्ट्याने गेला. आपल्या जुन्या जिल्ह्यातल्या हिंगोलीला या फौजेची छावणी होती, ती 1903 पर्यंत राहिली. म्हणजे इथल्या रयतेवर दोन सत्ता होत्या. एक समोर दिसणारी आणि दुसरी तिच्या पाठीशी उभी असलेली. जाब विचारायचा तो कोणाला, हेच कळू नये अशी ही व्यवस्था होती.

या व्यवस्थेत मराठीची अवस्था काय होती? संस्थानातील सुमारे पाव लोकसंख्या मराठी बोलणारी, तर उर्दू बोलणारे सुमारे एक दशांश. तरी कचेरी उर्दूची, न्यायालय उर्दूचे आणि 1918 साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. उर्दू ही मोठी गोड आणि समृद्ध भाषा आहे. तिच्याशी भांडण असण्याचे कारण नाही. दुःख एवढेच की, आपल्या घरची भाषा उंबऱ्याच्या आतच ठेवून माणसाला बाहेर पडावे लागे.

हे मला पुस्तकांपेक्षा आमच्या घरातल्या एका ट्रंकेने अधिक शिकवले. माझे पणजोबा साधारण बी. रघुनाथांच्याच वयाचे आणि तेही निजामाच्या एका कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून होते. त्यांचे कागद आमच्याकडे आहेत, पण घरात ते कोणालाच वाचता येत नाहीत. शेवटी गल्लीतल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी ते वाचून दाखवले. एक अर्ज रुखसतीचा निघाला. मुलीच्या लग्नासाठी रजा मागितलेली. महिना फसली सालातला, भाषा उर्दू, खाली सहीही उर्दू. पणजोबांचे हस्ताक्षर सुरेख आहे. पण ज्या लेकीसाठी त्यांनी तो अर्ज लिहिला, तिला तो वाचता आला नसता.

बी. रघुनाथांचे आयुष्य याच चाकोरीतले होते. सातोन्याहून ते शिक्षणासाठी हैदराबादला गेले, मॅट्रिकपर्यंत शिकले आणि पुढे परिस्थितीमुळे निजामाच्या बांधकाम खात्यात कारकून झाले. या खात्याला लोक तामीरात म्हणत. पगार हाली रुपयांत मिळे आणि सात हाली रुपये दिले तेव्हा सहा कलदार येत. सरकारी मिसलींवर उर्दूत शेरे लिहिणाऱ्या या माणसाने कविता मात्र मराठीत लिहिली, आरंभी ‘फुलारी’ या टोपणनावाने. 1941 मध्ये ‘आलाप आणि विलाप’ हा संग्रह आला. ‘ओ’, ‘हिरवे गुलाब’, ‘बाबू दडके’, ‘उत्पात’, ‘म्हणे लढाई संपली’, ‘जगाला कळले पाहिजे’ अशा कादंबऱ्या आल्या. कथा आल्या, ललित निबंध आले. उर्दूच्या सहवासाचे त्यांनी सोनेच केले. ‘साकी’, ‘छागल’ ही त्यांच्या कथासंग्रहांची नावे पाहा. कचेरीतून आलेला शब्दही त्यांच्या हाती मराठी होऊन गेला.

या वर्षांत बाहेर काय घडत होते, तेही पाहिले पाहिजे. सभा भरवायची तर सरकारची परवानगी लागे. 1937 साली त्या वेळच्या आपल्याच जिल्ह्यातील परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. 1938 मध्ये वंदे मातरम् म्हटल्याबद्दल उस्मानियातील विद्यार्थ्यांना बाहेर काढण्यात आले. त्याच साली आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ हे पत्र पुण्याहून सुरू केले. बंदी आली की ते नाव बदलून अंक काढीत. मग महायुद्ध आले. इंग्रजांच्या त्या लढाईची झळ धान्याच्या लेव्हीतून आणि महागाईतून आपल्या खेड्यांपर्यंत पोचली. लढाई संपल्याची बातमी आली तरी गरिबाच्या घरातली लढाई चालूच होती. 1946 च्या कादंबरीच्या नावातला ‘म्हणे’ हा एक शब्द किती बोलका आहे!

15 ऑगस्ट 1947. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी बी. रघुनाथांना चौतीस वर्षे पूर्ण झाली. सगळ्या देशात तिरंगा फडकत असताना परभणीत तो फडकवणे हा गुन्हा होता. पुढचे तेरा महिने रझाकारांचे. कित्येक कुटुंबे उमरखेडसारख्या सरहद्दीपलीकडच्या गावांत आश्रयाला गेली. वसमत भागातल्या बहिर्जी वापटीकरांसारख्या तरुणांनी प्राण दिले. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाने शरणागती पत्करली तेव्हा कुठे आपली पहाट झाली.

आमच्या वर्गात एकदा या विषयावर चर्चा निघाली. एका मित्राने रोखठोक विचारले की, हुतात्म्यांच्या या जिल्ह्यात निजामाची चाकरी केलेल्या कारकुनाचा एवढा गौरव कशासाठी? प्रश्न अवघड आहे आणि तो टाळू नये. बहिर्जींच्या रक्ताशी कोणाच्या शाईची तुलना होणार नाही. परंतु ज्या लाखो घरांतला कर्ता पुरुष तुरुंगात जाऊ शकला नाही, ज्याच्या पाठीशी लेकरेबाळे होती, त्याने त्या काळात काय सांभाळले, हाही इतिहासाचाच भाग आहे. सत्तेने बी. रघुनाथांचे दिवसाचे तास विकत घेतले होते. मन तिला विकत घेता आले नाही. मराठीला मान नसलेल्या राज्यात, तुटपुंज्या पगारावर, ग्रंथव्यवहाराच्या केंद्रांपासून दूर राहून एका माणसाने एवढे मराठी लिहिले. राज्य बदलले तेव्हा मराठवाड्याला आपली भाषा नव्याने शिकावी लागली नाही, कारण अशा माणसांनी ती जिवंत ठेवली होती.

स्वातंत्र्य आले, पण त्यांची खुर्ची तीच राहिली. 7 सप्टेंबर 1953 रोजी परभणीला कचेरीत काम करीत असतानाच त्यांचे निधन झाले. वय अवघे चाळीस. ‘आडगावचे चौधरी’ ही कादंबरी आणि ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हा कवितासंग्रह त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. मराठवाडा मराठी भाषकांच्या इतर प्रदेशांना जोडला गेला तो 1956 मध्ये आणि महाराष्ट्र राज्य झाले 1960 मध्ये. ज्या भाषेसाठी ते झिजले, ती राज्यभाषा झालेली त्यांनी पाहिली नाही.

आज आपण अर्ज मराठीत करतो, परीक्षा मराठीत देतो आणि हे वार्षिकही मराठीत काढतो. हे सगळे आपल्याला वाऱ्यासारखे फुकट मिळाले आहे असे वाटते. ते तसे मिळालेले नाही. पूर्वजाचे ऋण श्राद्धाने फिटते असे म्हणतात. लेखकाचे ऋण वाचल्यानेच फिटते. आपल्या ग्रंथालयातून या वर्षी निदान एक बी. रघुनाथ घरी न्यावा, एवढीच माझी माझ्या मित्रांना आणि गुरुजनांना विनंती आहे.