डॉ. थॉमस चामर्स

स्कॉटलंडांतील अँस्ट्रदर गांवीं इ. स. १७८० सालीं जन्मलेले हे थोर पाळक तरुणपणीं किल्मनी येथील आपल्या मंडळीकडे फारसें लक्ष देत नसत. पाळकाला आठवड्याचे पांच दिवस शास्त्राभ्यासास मोकळे सांपडतात, असें त्यांनीं १८०५ सालीं छापूनही टाकिलें! पुढें त्यांचें अंतःकरण पालटलें. १८२५ सालीं महासभेंत तोच लेख त्यांच्यापुढें ठेवण्यांत आला, तेव्हां त्यांनीं सर्वांसमक्ष चूक कबूल केली.

त्या काळीं पाळक नेमण्याचा हक्क बहुधा जमीनदाराचा असे. बहुसंख्य कुटुंबप्रमुखांनीं नाकारलेला मनुष्य मंडळीवर लादूं नये, असा ठराव १८३४ सालीं महासभेनें केला. चामर्स त्याच पक्षाचे. लागलीच ऑक्टरार्डर गांवीं कसोटी आली. तेथें जमीनदाराच्या उमेदवारास ३३० कुटुंबप्रमुखांपैकीं २८७ जणांनीं नाकारिलें. बाजूनें सह्या अवघ्या दोन. म्हणून प्रेस्बिटेरीनें त्यास दीक्षा दिली नाहीं. तो न्यायालयांत गेला, आणि १८३९ सालीं निकाल मंडळीविरुद्ध लागला.

अखेर १८ मे १८४३ रोजीं साडेचारशेंहून अधिक पाळक घर व वेतन सोडून बाहेर पडले. त्यांच्या फ्री चर्चचे पहिले अध्यक्ष चामर्स झाले, मुंबईचे डॉ. जॉन विल्सनही त्यांस मिळाले. आतां या पाळकांचा निर्वाह कसा व्हावा? चामर्सांची योजना तयारच होती: सर्व मंडळ्यांनीं आपली वर्गणी एकाच निधींत टाकावी, व त्यांतून गरीब खेड्याच्या पाळकासही सारखा वांटा मिळावा. १८४७ सालीं त्यांस झोंपेंतच मरण आलें.