साडेतीन मिनिटांची भैरवी

मारिओची ट्यून आठवते? १९८५ च्या त्या गेमला चिपवर आवाजाचे फक्त पाच चॅनेल होते, म्हणून ती तशी सुटसुटीत! हार्डवेअरची अशीच अडचण केसरबाई केरकरांसमोरही होती.

जन्म १८९२, गोव्यातलं केरी गाव. १९२१ पासून अल्लादियाखाँसाहेबांकडे कडक तालीम. मैफलीत एकेक राग सावकाश फुलवणाऱ्या बाईंना ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला मिळायची जेमतेम साडेतीन मिनिटं. तेवढ्यात त्यांनी भैरवी उभी केली. तीच निवडली गेली, आणि ५ सप्टेंबर १९७७ ला व्हॉयेजर-१ बरोबर अंतराळात निघाली, पुन्हा तबकडीवरूनच! अकराव्या दिवशी बाई गेल्या.

प्रोजेक्टला मेमरी कमी पडते म्हणून कुणी रडला, तर त्याला ही भैरवी ऐकवा.