रघुनाथराव कर्वे आणि सरकार

संततिनियमन हे आज सरकारी आरोग्यखात्याचे नित्याचे काम आहे. ज्या गृहस्थाने ते मुंबईत १९२१ साली स्वतःच्या खर्चाने आरंभिले, त्याच्या वाट्याला मात्र सरकारकडून खटले आणि दंड आले.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ चिरंजीव रघुनाथराव (१८८२–१९५३) हे गणिताचे प्राध्यापक. या कार्यापायी त्यांना विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली, आणि संसाराचा भार बव्हंशी पत्नी मालतीबाईंच्या मिळकतीवर पडला. (त्यांच्या त्यागाची नोंद आपण फारशी घेतलेली नाही.) १९२७ च्या जुलैत निघालेले 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनी मरेपर्यंत चालविले. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांना दोनदा शिक्षा झाली. १९३४ साली त्यांची बाजू खुद्द डॉ. आंबेडकरांनी मांडली, तरी दंड टळला नाही. पुढे १९३८ साली आंबेडकरांच्या पक्षाने मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, तोही सभागृहाने फेटाळला. म्हैसूर संस्थानाने मात्र १९३० सालीच सरकारी केंद्रे उघडली होती!

स्वतंत्र भारताने १९५२ साली कुटुंबनियोजन हाती घेतले. रघुनाथराव त्यानंतर वर्षभरानेच निवर्तले. त्यांचे साधन सरकारने स्वीकारले. त्यांचा हेतू स्वीकारला काय? मूल हवे की नको आणि केव्हा हवे, हे जिच्या देहावर बेतते त्या स्त्रीने ठरवावे, हा त्यांच्या लेखनाचा गाभा होता. सरकारला चिंता होती ती लोकसंख्येच्या आकड्याची. त्या आकड्यापायी आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक तर रघुनाथरावांच्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ साली संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळेच ते कायद्यात उतरले नाही.

त्या वर्षीच्या शस्त्रक्रियांत पुरुषच बहुसंख्य होते. त्यांच्या रोषाने १९७७ साली सरकार पडण्यास हातभार लागला, आणि मग राज्यकर्त्यांनी पुरुषांना हात लावण्याचेच सोडून सारे ओझे मुकाट्याने स्त्रीच्या माथी दिले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. पतीची नसबंदी झालेल्या स्त्रिया होत्या ०.३ टक्के. पती-पत्नी दोघांनाही सारखेच ज्ञान देऊ पाहणाऱ्या रघुनाथरावांच्या नावाने आज कुटुंबनियोजनाचे सरकारी गोडवे गाइले जातात, तेव्हा हे दोन आकडे कोणी वाचून दाखवीत नाही.