डॉ. ना. भा. खरे : आपल्या जुन्या प्रांताचे पंतप्रधान

बुऱ्हाणपूरच्या आपल्या मराठी घरांना आता भोपाळकडे पाहायची सवय झाली आहे. पण १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती आणि स्वातंत्र्यापूर्वी प्रांताच्या प्रमुख मंत्र्याला पंतप्रधान म्हणत. १९३७ साली मध्यप्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, तेव्हा त्या खुर्चीवर बसले डॉ. नारायण भास्कर खरे.

जन्म पनवेलचा, व्यवसायाने डॉक्टर, कर्मभूमी नागपूर. प्रांत हिंदी-मराठी असा दुभाषी. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दु. के. मेहता या महाकोशलच्या मंत्र्यांशी त्यांचे जमेना. जुलै १९३८ मध्ये खऱ्यांनी राजीनामा दिला, सहकाऱ्यांकडेही मागितला. तिघांनी नकार दिल्यावर गव्हर्नरांनी त्यांना बडतर्फ केले. खऱ्यांनी नवे मंत्रिमंडळ बनवले, त्यात दलित समाजातील अग्निभोज यांना घेतले. पक्षश्रेष्ठींना न विचारता गव्हर्नरांचा आधार घेतल्याचा ठपका आला. काही दिवसांतच पद गेले; शुक्ल पंतप्रधान झाले.

पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, अलवर संस्थानचे पंतप्रधान झाले, हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले आणि ग्वाल्हेरमधून लोकसभेत पोहोचले. १९७० मध्ये ते निवर्तले.

त्यांची पुढची वाट आपल्यातल्या अनेकांना पटणार नाही. पक्षशिस्त मोडली हेही खरेच. तरी दोन भाषांच्या घरात एकमेकांचा विश्वास सुटला की काय होते, हे त्यांच्या कारकिर्दीतून दिसते. हिंदी शेजाऱ्यांसोबत आरती म्हणणाऱ्या आपल्याला ते विसरून चालणार नाही.