बुद्धी निराळी, विवेक निराळा

निपाणी-बेळगावकडील आपल्या जुन्या घरांतून मूल हुशार आहे असे म्हणतात, तेव्हा बहुधा त्याचे पाठांतर चोख आहे एवढाच अर्थ असतो. परंतु बुद्धी आणि विवेक यांत अंतर किती, हे गोपाळ गणेश आगरकरांच्या चरित्रात जसे दिसते तसे क्वचितच दिसेल.

त्यांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी झाला. घरची गरिबी. कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण करीत ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोहोचले. एम. ए. झाल्यावर सरकारी नोकरीचा मोह टाकून न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. १८८१ साली निघालेल्या 'केसरी'चे संपादकही तेच.

पुढचा प्रसंग आपल्या कोल्हापूरचा. दिवाण माधवराव बर्वे हे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा छळ करतात, असा बोभाटा झाला. पुरावा म्हणून पत्रे हाती आली आणि 'केसरी' व 'मराठा' यांनी बर्व्यांवर झोड उठविली. ती पत्रे बनावट ठरली. १८८२ साली आगरकर व टिळक यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. महाराजांविषयीची चिंता अनाठायी नव्हती. १८८३ साली ते अहमदनगरास वारले. पण हेतू शुद्ध असला म्हणून कागद खरा ठरत नाही. दोघेही बुद्धीने कमी नव्हते. कमी पडली ती पारख.

पुढे आगरकरांनी पारखीचाच कैवार घेतला. १८८७ साली 'केसरी' सोडला, १८८८ साली 'सुधारक' काढला. त्याच वर्षीच्या 'वाक्यमीमांसे'त त्यांनी मराठी वाक्य उकलून दाखविले. 'सुधारका'त रूढी उकलून दाखविल्या. मुलामुलींना एकच शिक्षण, तेही एकत्र द्यावे, असे त्यांनी मांडले. पुण्यात त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा निघाली. १८९२ साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १७ जून १८९५ रोजी, चाळिशीही न गाठता, दम्याने खंगून गेले.

माझे वडील दरबारी गवई. त्यांना प्रश्न विचारणे म्हणजे बेअदबी. मीही बरीच वर्षे तसाच शिकवीत आलो. तान हुबेहूब उचलली की शाबासकी देत असे. अमुक स्वर या रागात का वर्ज्य, असे एखादी मुलगी विचारी, तेव्हा कपाळाला आठी पडे. आगरकरांचे चरित्र वाचल्यापासून ती आठी आवरतो. विद्या त्या प्रश्नापासूनच सुरू होते.