कंपवाताचे अभ्यासक : जेम्स पार्किन्सन

शरीरात बळ असूनही हालचाल मनासारखी होऊ नये, ही अवस्था फार क्लेशदायक असते. मांडीवर विसावलेला हात आपोआप थरथरतो, पाठ वाकते, पावले अडखळतात. हा दोष स्नायूंचा नसून मेंदूचा असतो. मराठीत या व्याधीला कंपवात म्हणतात. जगभर ती जेम्स पार्किन्सन यांच्या नावाने ओळखली जाते.

पार्किन्सन यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजी लंडनच्या हॉक्स्टन भागात झाला. त्यांचे वडील तेथेच वैद्यकी करीत. वडिलांचाच व्यवसाय त्यांनी पुढे चालवला. गोरगरिबांचे हाल पाहून त्यांना स्वस्थ बसवत नसे. टोपणनावाने पत्रके लिहून त्यांनी राज्यकारभारातील अन्यायावर टीका केली. १७९४ मध्ये राजाविरुद्धच्या कथित कटाच्या चौकशीत त्यांना राजाच्या सल्लागार मंडळापुढे जबानी द्यावी लागली. जीवाश्मांचाही त्यांना छंद होता. त्यांवर त्यांनी तीन खंडांचा ग्रंथ लिहिला.

१८१७ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांनी कंपवातावर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात अवघ्या सहा रुग्णांचे वर्णन होते. त्यांपैकी काही जण त्यांना रस्त्यात भेटले होते, तर एकाला त्यांनी केवळ दुरून पाहिले होते. हातांचा कंप, वाकलेली पाठ आणि आपोआप वेग घेणारी चाल ही एकाच रोगाची लक्षणे आहेत, हे त्यांनी ओळखले. लोक ज्याला म्हातारपण समजून पुढे जात, तेथे ते थांबून पाहत. रोगाचे मूळ आपल्याला सापडलेले नाही, हेही त्यांनी प्रांजळपणे मान्य केले आणि इतरांनी त्याचा शोध घ्यावा, अशी इच्छा व्यक्त केली.

त्या पुस्तकाकडे त्या काळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २१ डिसेंबर १८२४ रोजी पार्किन्सन यांचे निधन झाले. पुढे सुमारे अर्धशतकाने फ्रान्सचे मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी या रोगाला त्यांचे नाव दिले. विसाव्या शतकात मेंदूतील डोपामिन या द्रव्याची कमतरता हे या लक्षणांचे प्रमुख कारण असल्याचे उमगले आणि १९६० च्या दशकात लेव्होडोपा हे औषध आले. त्यामुळे रोग समूळ बरा होत नसला, तरी असंख्य रुग्णांच्या हालचाली सुकर झाल्या.

पार्किन्सन यांच्याजवळ ना प्रयोगशाळा होती, ना आधुनिक यंत्रे. होती ती केवळ दुसऱ्याच्या दुःखाकडे लक्षपूर्वक पाहणारी दृष्टी. ११ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस आज जागतिक पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो.